उघड्या दाराचं कोडं

ताई सबंध दुपार त्या दाराशी बसून राहिल्या, पण आत काही गेल्या नाहीत.

दार खरं नव्हतं. माझ्या मुलीनं कॉम्प्युटरवर तयार केलेल्या गेममधलं होतं. ताई आमच्या रिसोडच्या घरात, पुढच्या खोलीतल्या पलंगावर, प्लास्टरमधला पाय उशीवर टाकून बसल्या होत्या आणि त्यांच्या हातात टॅब होता. टॅबच्या काचेवर खेड्यातलं एक कौलारू घर, त्याचं दार सताड उघडं, लांब शाळेच्या कौलांवर धुराची एक बारीक रेघ, आणि दारासमोर पिशवी घेऊन उभी असलेली एक पाहुणी. दारावर बोट टेकवलं की पाहुणी आत जाते आणि खेळ सुरू होतो. शेंबड्या पोरालाही जमेल असं काम. मी पोळ्या करता करता मधूनमधून येऊन पाहत होते. पाहुणी आपली तिथंच उभी. शेवटी माझा धीर सुटला आणि मी विचारलं की ताई, आत का जात नाही?

“घरात कोनी दिसून नाई राह्यलं,” ताई म्हणाल्या. “लोकाईच्या मोकळ्या घरात कशी घुसू मी?”

माझी मुलगी शेजारच्या खुर्चीवर बसली होती. तिला बोलायची बंदी होती. ती माझ्याकडे पाहत होती आणि मी छताकडे.

ताई म्हणजे माझी मोठी नणंद, शेलूबाजारला दिलेली. तिकडचं शेत, गडीमाणसं, दोन सुना, असा सगळा कारभार एकट्या जिभेवर चालवणारी बाई. ऐन सोयाबीनच्या काढणीत न्हाणीत पाय घसरला आणि घोटा मोडला. घरचे सगळे शेतात, तांब्याभर पाणी द्यायला घरी कोणी नाही, म्हणून माझ्या नवऱ्यानं जीप केली आणि बहिणीला आमच्याकडे आणून ठेवलं. तेव्हापासून पुढची खोली त्यांची, टीव्हीचा रिमोट त्यांचा, आणि भाजीत तिखट किती घालायचं हेसुद्धा त्यांच्याच विचारानं ठरायला लागलं.

आता हे गेमचं प्रकरण कशासाठी चाललं होतं ते सांगते, कारण नुसती गंमत असती तर मी एवढी चिडले नसते. मुलगी अमरावतीला इंजिनिअरिंग करून घरी आली होती आणि तिला गेम करायचे होते. खेळायचे नव्हे, करायचे. पुण्यातल्या एका लहानशा कंपनीनं तिला सांगितलं होतं की एक छोटा पण पुरा गेम करून पाठव, मग तुला घेण्याचं बघू. मात्र पाठवण्याआधी तो जन्मात कधी गेम न खेळलेल्या माणसाकडून, काही न सांगता, शेवटपर्यंत खेळवून घे. तिच्या बापाच्या मनात वेगळंच होतं. त्यानं अकोल्याला बँकेच्या परीक्षांचा क्लास पाहून ठेवला होता. घरात रोज त्यावरून खटके उडत होते. शेवटी त्यानं मोठ्या मनाचा आव आणून तोडगा काढला. ताईचा पाय प्लास्टरमध्ये आहे तोवर तिला खेळायला दे. तिनं पुरा केला तर तू पुण्याला जा, आणि नाही केला तर दिवाळी झाली की अकोला, मग हा विषय परत निघायला नको. तो असा खुशीत का होता हे मला त्याच वेळी कळलं होतं. ताईंना साधा फोन लावायचा तर सुनेला हाक मारावी लागते, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

यात माझाही जीव अडकला होता, कारण हा नाद मुलीला माझ्याकडून लागला. मी कॉलेजात असताना माझ्या भावाचं बसस्टँडजवळ टायपिंगचं दुकान होतं, आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की तिथल्या कॉम्प्युटरवर मी ॲडव्हेंचर गेम खेळायचे. मारामारी नाही, धावपळ नाही. एखादं ओसाड बेट किंवा बंद पडलेला कारखाना असायचा आणि तिथल्या वस्तू पाहून, उचलून, जोडून पुढचं दार उघडायचं. इंग्रजी अर्धंमुर्धं कळायचं. मध्येच लाइट गेली की सगळं केलेलं पाण्यात. तरी मी चिकटून बसायचे.

त्यातल्या एका गेमनं माझी पूर्ण उन्हाळ्याची सुटी खाल्ली. दीपगृहाचं दार उघडायचं होतं. मी तिथली प्रत्येक वस्तू प्रत्येक वस्तूला लावून पाहिली. शेवटी भावाच्या एका मित्रानं अकोल्याहून उत्तरं छापून आणली, तेव्हा कळलं की सुकी मासळी घड्याळाच्या पेटीत टाकायची, मग मांजर येतं, मग लंबक थांबतो, मग दार उघडतं. मी माउस आपटला. असं कोण करतं? कोणत्या माणसाच्या डोक्यात दार पाहून मासळी येते? ते कोडं नव्हतंच. करणाऱ्याच्या मनात काय आलं होतं ते ओळखायचं होतं, आणि त्याच्या मनाशी माझं काय देणंघेणं.

याउलट दुसरा एक गेम होता, रेल्वे स्टेशनचा. गाडी येतच नव्हती. मी आठवडाभर त्या स्टेशनावर फिरले. मग एक दिवस घरी ज्वारी चाळताना एकदम लक्षात आलं की स्टेशनमास्तर खिशातलं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवतो, आणि भिंतीवरच्या घड्याळाचा काटा मी आल्यापासून हललेलाच नाही. मी चाळणी तशीच टाकून दुकानाकडे पळाले. आई मागून ओरडत होती. उत्तर सुरुवातीपासून माझ्या डोळ्यांसमोर टांगलेलं होतं. आपण किती गाढव आहोत असं वाटलं, आणि गाढव असल्याचा इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं. कोडं सुटल्यावर “हे मला कसं कळणार होतं” असं तोंडातून निघालं तर ते कोडं वाईट. “हे मला आधीच कसं कळलं नाही” असं निघालं तर चांगलं. मुलगी लहान असल्यापासून मी तिला हे ऐकवत आले, आणि तिच्या गेममधलं एकेक कोडं मी स्वतः या चाळणीतून काढलं होतं. गेम असा होता: पाहुणी गावी येते, घर उघडं आहे पण घरात कोणी नाही. माणसं कुठे गेली ते शोधायचं. चुलीजवळच्या देवळीतून काडेपेटी घ्यायची, अंधाऱ्या कोठीत दिवा लावायचा, आढ्याला टांगलेली चावी आकडीनं काढायची, त्या चावीनं परसदार उघडायचं. मागे बैलगाडीच्या चाकोऱ्या दिसतात, त्यांच्या मागे गेलं की माणसं सापडतात. एकही मासळी नाही, एकही मांजर नाही. मला खोट काढायला जागा नव्हती.

आणि ताई दारातच अडकल्या.

बरं, नुसत्या बसल्या असत्या तरी चाललं असतं. त्या टॅबला तोंड लावून हाका मारत होत्या. कोणी ओ देईना, तेव्हा त्यांनी चित्रातल्या शेजारच्या घरावर बोट टेकवायला सुरुवात केली. एकदा टेकवलं, दोनदा टेकवलं, मग नखानं ठकठक. काही होईना. मुलीनं बंदी मोडली आणि सांगितलं की आत्या, ते शेजारचं घर नुसतं बॅकग्राउंड आहे, त्यात कोणी नाही. ताईंनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिनं घरातलं मीठ संपल्याचं लपवून ठेवलं होतं. मानोऱ्यापासून रिसोडपर्यंत कुठल्याही गावात जा, घर मोकळं दिसलं तर माणूस शेजारी विचारतं. शेजारीण सांगते, शेतात गेले, बसा, पाणी घ्या. मग तुम्ही बसता. हे न करता जो सरळ आत शिरतो, त्याच्या मागे कुत्रं लागतं आणि गावही लागतं.

मुलगी तावातावानं स्वयंपाकघरात आली. म्हणाली की आई, गेम खेळणाऱ्याला दार दिसलं की आत जायचं हे माहीत असतं. मी म्हटलं, ज्याला माहीत आहे त्याच्यासाठी कुठे करायचा आहे, तुला अटच उलटी घातली आहे. ती माझ्यावर भडकली. मी तिच्यावर भडकले. पोळी करपली. पण तव्याशी उभं राहून विचार करताना मला जे जाणवलं त्यानं माझा आणखी तिळपापड झाला, कारण पंचवीस वर्षं मी उत्तराचाच विचार करत आले होते. उत्तर न्यायाचं असावं एवढंच म्हणत आले होते. पण समंजस माणूस सगळ्यात आधी जे करील, त्याला गेमनं काहीतरी ओ दिली पाहिजे, मग ती नकाराची का असेना. शेजारणीला उत्तर माहीत नसलं तरी चालेल. ती घरात मात्र पाहिजे.

मुलीनं दोन दिवस धुसफुसत शेजारीण घातली. शेजारच्या घरावर बोट टेकवलं की एक बाई सूप हातात घेऊन बाहेर येते आणि म्हणते, कुठं गेले काय माहीत, मी आत्ताच वावरातून आली, पण तुम्ही आत जा पाहुणीबाई, तुमचंच घर आहे. बस, एवढंच. खेळाच्या दृष्टीनं त्या बाईचा काडीचा उपयोग नव्हता. ताईंनी तिचं बोलणं पुन्हा पुन्हा ऐकलं, खुशीत मान हलवली आणि पहिल्यांदा दारावर बोट टेकवलं. मी हुश्श केलं. आणि लगेच त्यांनी विचारलं की चप्पल कुठं काढायची.

चपलेचं झालं एकदाचं. पाहुणी उंबऱ्याशी चपला काढायला लागली. पण पुढचं दुखणं त्याहून मोठं निघालं. आत जाऊन ताई काही उचलेनात. नुसतं पाहायच्या. चूल पाहिली, माठ पाहिला, माठावर झाकण तिरपं आहे म्हणून सुनेला नावं ठेवली. ती सून अस्तित्वातच नव्हती. काडेपेटी समोर होती, कोठी अंधारी होती, सगळं त्यांना कळत होतं, पण लोकांच्या चुलीजवळची काडेपेटी विचारल्याशिवाय घ्यायची कशी? दोन दिवस असेच गेले. नवरा संध्याकाळी कामावरून आला की टॅबकडे एक नजर टाकायचा आणि मिशीतल्या मिशीत हसायचा. मला त्या हसण्याचा इतका संताप यायचा की मी त्याच्या चहात साखर टाकायची विसरायचे, आणि ते विसरणं काही आपोआप होत नव्हतं.

शेवटी शेजारणीनं घर तुमचंच म्हटलंय या आधारावर ताईंनी काडेपेटी घेतली. दिवा लावला. मुलीनं माझा हात घट्ट धरला. आणि ताई पाहुणीला घेऊन परत चुलीजवळ आल्या आणि देवळीवर बोट टेकवत राहिल्या. पुन्हा पुन्हा. काय करताय विचारलं तर म्हणाल्या, काडेपेटी ठेवून राहिले. गेममध्ये ठेवायची सोयच नव्हती. जगातल्या कुठल्याही अशा गेममध्ये नसते. उचललेलं पिशवीत जातं आणि शेवटपर्यंत तिथंच राहतं. मी स्वतः आयुष्यभर लोकांच्या घरांतून दोऱ्या, हातोड्या, चमचे, घंटा उचलत आले आणि कधी मागे वळून पाहिलं नाही. ताई मात्र अडून बसल्या. उद्या त्या घरची बाई चूल पेटवायला बसेल तर काडेपेटी शोधत फिरेल, ते काही चालायचं नाही. ठेवायची सोय नसेल तर मी पुढे जात नाही.

तेव्हा मुलीचा बांध फुटला. ती उठून उभी राहिली आणि ओरडली की आत्या, खोटं घर आहे ते, त्या घरात कोणीही येणार नाही चूल पेटवायला.

ताईंनी टॅब मांडीवर पालथा घातला.

“खोटं हाय तं मंग मले आत जायाले काहून सांगून राह्यली?” त्या म्हणाल्या.

नवरा नेमका दारातून आत येत होता. त्यानं सगळं ऐकलं, पायातले बूट काढले आणि म्हणाला की झालं तेवढं पुरे, मी उद्या अकोल्याच्या क्लासला फोन करतो. जणू वाटच पाहत होता. मी भांड्यांवर राग काढला. मुलगी आतल्या खोलीत गेली आणि कडी लावून घेतली. ताई जेवल्या नाहीत, कारण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पोरीला त्या काही वाईट बोलल्याच नव्हत्या. म्हणजे त्या दिवशी घरातलं एकूण एक माणूस रागावलेलं होतं आणि प्रत्येकाला आपलंच खरं वाटत होतं. मला तर सगळ्यांचा एकदम राग आला होता. ताईंच्या हट्टाचा, पोरीच्या तोंडाळपणाचा, नवऱ्याच्या घाईचा, आणि त्यातही सगळ्यात जास्त याचा की ताईंचं म्हणणं बरोबर होतं.

घर खरं वाटलं म्हणून तर त्या अडल्या होत्या. खोटं वाटलं असतं तर माझ्यासारख्या भराभर वस्तू गोळा करून मोकळ्या झाल्या असत्या.

प्लास्टर निघायला थोडेच दिवस राहिले होते. मी नवऱ्याला एवढंच सांगितलं की शब्द दिलाय तो प्लास्टर निघेपर्यंतचा, तोवर फोनला हात लावायचा नाही. मुलगी दोन-तीन दिवस आतल्या खोलीतच होती. ताटावर यायची, जेवायची, परत आत. मग एका सकाळी तिनं टॅब आणून ताईंच्या हातात ठेवला आणि खुर्चीवर बसली.

आता वस्तू परत ठेवता येत होत्या. ताईंनी दिवा लावला, काडेपेटी देवळीत ठेवली. आकडीनं चावी काढली, आकडी खुंटीला टांगली. परसदार उघडलं, चावी होती तिथं अडकवली. चेहऱ्यावर असं समाधान, जणू स्वतःचं घर आवरलंय. पण परसात काहीच नव्हतं. बैलगाडीच्या चाकोऱ्या मुलीनं पुसून टाकल्या होत्या. मी दचकले. मुलीकडे पाहिलं, ती पायाच्या अंगठ्याकडे पाहत होती.

ताई घरात परत आल्या. सगळं जागच्या जागी होतं. त्यांनी एकेका भिंतीवरून नजर फिरवली, तशी त्या रोज स्वतःच्या घरात झोपण्याआधी फिरवत असतील. आणि फळीवर येऊन थांबल्या. फळीवर भांडी ओळीनं लावलेली होती, सगळ्यांवर धूळ, आणि मध्ये एक मोठी गोल जागा मोकळी, तिथं धूळ नाही. टॅब त्यांनी डोळ्यांजवळ नेला.

“गंज नाई इथला,” त्या हळूच म्हणाल्या.

गंज म्हणजे आमच्याकडे गावजेवणाला डाळ शिजवतात ते मोठं भांडं. ते घराबाहेर पडलं म्हणजे कुठेतरी पंगत आहे. ताईंनी पाहुणीला तरातरा दाराबाहेर आणलं, चपला घालायलासुद्धा विसरल्या, आणि सुरुवातीच्या चित्रात शाळेच्या कौलांवर धुराची एक बारीक रेघ होती तिच्यावर बोट ठेवलं. ती रेघ त्यांनी आल्यापासून पाहिली होती. मीही पाहिली होती आणि मला ती नुसती शोभेची वाटली होती. पाहुणी शाळेत पोचली. पटांगणात पंगत बसलेली. एका म्हातारीनं सरकून जागा केली आणि म्हटलं, ये बाई, तुझीच वाट पाहत होतो.

ताई मोठ्यांदा हसल्या. मग मला हाक मारून सगळं सांगितलं. मी समोरच उभी होते, तरी सांगितलं. दूधवाला आला, त्याला सांगितलं. शेलूबाजारला सुनेला फोन लावायला लावून तिला सांगितलं, की मी भांडी पाहिली न, तवाच ओळखलं. पोरीनं चांगलं केलं असं त्यांच्या तोंडून एकदाही निघालं नाही. सगळं “मी ओळखलं.” मुलगी मला म्हणाली, बघ, मेहनत माझी आणि श्रेय आत्याचं. पण बोलताना तिचा चेहरा फुलला होता. कारण तिलाही कळलं होतं की कोडं चांगलं झालं याची पावती हीच. ज्यानं सोडवलं त्याला ते स्वतःचंच वाटायला पाहिजे, करणाऱ्याची आठवणसुद्धा राहायला नको.

संध्याकाळी नवरा आला. चहा घेऊन झाल्यावर त्यानं बहिणीला विचारलं की काय झालं त्या खेळाचं, जमला का. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. मुलगी भिंतीला टेकून होती.

ताई म्हणाल्या की माणसं सापडली, पण त्यांच्या मनाला एक गोष्ट लागून राहिली आहे. पाहुणी जेवायला बसली आणि तिकडं घर उघडंच पडलंय. कुत्रं शिरेल, कोंबड्या शिरतील. दार लावायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्या अंगाचा भडका उडाला. महिनाभर या बाईच्या मागे माझ्या पोरीनं रक्त आटवलं आणि ऐन मोक्याला हिनं भावाच्या हातात कोलीत दिलं. नवरा सावरून बसलाच. म्हणाला, म्हणजे पुरा नाही झाला ना.

“नाईच झाला,” ताई म्हणाल्या. “पन तिले करू दे न पुरा. अकोल्याले धाडली तं दार कोन लावन?”

नवऱ्यानं कपाच्या तळाशी राहिलेला चहा बशीत ओतून पिऊन टाकला. ताईंचा शब्द त्यानं जन्मात मोडलेला नाही, आणि तोडगाही त्याचाच होता. मग उठला आणि म्हणाला, भूक लागली. अकोल्याचं नाव त्यानंतर आमच्या घरात निघालं नाही.

प्लास्टर निघालं, ताई जीपमध्ये बसून शेलूबाजारला गेल्या. जाताना भाजीत तिखट कमीच असतं तुझ्या, असं मला सांगून गेल्या. मुलीनं दाराचं काम केलं. पाहुणी दार न लावता शाळेत पोचली तर पंगतीतली म्हातारी जागा करते, पाणी देते, आणि वाढायच्या आधी विचारते, दार लावलं का? नसेल लावलं तर परत जायचं, लावून यायचं, तेव्हाच पान वाढलं जातं. मी विरोध केला. म्हटलं, सगळं सुटल्यावर माणसाला पुन्हा माघारी पिटाळायचं म्हणजे जुलूम आहे. पुण्याच्या कंपनीतल्या पोरांनी गेम खेळला आणि तिथं येऊन सगळ्यांनी शिव्या घातल्या, असं मुलीला फोनवर कळलं. शिव्या घातल्या आणि सगळे मुकाट्यानं परत गेले. कसं कळणार होतं, असं एकानंही म्हटलं नाही. दार त्यांनीच उघडं टाकलं होतं. तिला त्यांनी बोलावून घेतलं.

ती गेली त्या दिवशी सकाळपासून घरात नुसता गोंधळ. बॅग बंद होईना, तिच्या बापाला गाडीची किल्ली सापडेना, डब्यातल्या चटणीचं तेल कपड्यांना लागलं. मी सगळ्यांवर खेकसत होते. स्टँडवर पोचलो तेव्हा एसटी लागलेलीच होती. ती चढली, खिडकीची जागा मिळाली, नवरा खालून तिला त्याच त्याच सूचना देत राहिला. गाडी हलली तशी तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“आई, दार लावलं का?”

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. ती हसत होती आणि गाडी फाटकातून बाहेर वळत होती. धड निरोपही देता आला नाही. परतीच्या वाटेवर आम्ही गाडीवर एकमेकांना बोल लावत आलो. शेवटी कोण निघालं, कुलूप कुणाच्या हातात होतं, असं सगळं.

दार सताड उघडं होतं. पायरीवर शेजारच्या काकू सुपात तूर निवडत बसल्या होत्या. घर असं मोकळं टाकून कोणी जातं का, म्हणून त्यांनी आमची चांगली हजेरी घेतली. स्वतःचा स्वयंपाक टाकून बसल्या होत्या. आत पाऊल टाकलं नाही हेही त्यांनी आवर्जून सांगितलं, आणि सूप उचलून निघून गेल्या.

मी दाराशी उभी राहिले. सवयीनं “अगं ए” म्हणून हाक मारली गेली. आत खुर्ची होती, भिंतीत टॅबचा चार्जर लटकत होता, आणि उंबऱ्याशी चपलांच्या ओळीत एक जागा मोकळी होती. माणूस कुठे गेलं ते मला शोधायचं नव्हतं. मीच तर तिला गाडीत बसवून आले होते, त्याच्यासाठीच महिनाभर भांडले होते. तरी पाय उंबऱ्याच्या आत जाईना. मला रडू आलं आणि रडू आल्याचाही राग आला.

गाडी उभी करून नवरा मागे येऊन थांबला.

“आत जा न,” तो म्हणाला. “आपलंच घर हाय.”